डोईफोडे बाईंची पॅचची यादी

सोमवारी सकाळी सव्वानऊला आलेल्या मेलला जयमाला डोईफोडे यांनी नऊ वाजून सतरा मिनिटांनी उत्तर पाठवलं : ‘एका मिनिटाचं काम आहे. जेवणाच्या सुट्टीआधी देते.’

मेल ऑडिटवाल्यांचा होता. चाकणला महाळुंगे रस्त्यावर गाड्यांच्या दारांची बिजागरं करणारी एक कंपनी आहे, तिथे बाई अठ्ठावीस वर्षं नोकरीला. ही बिजागरं ज्या बड्या कंपनीच्या गाड्यांना लागतात तिने यंदा फर्मान काढलं होतं : पुरवठादाराच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर आजवर कोणकोणते पॅच बसवले, त्याची तारीखवार यादी शुक्रवारपर्यंत पाठवावी. पॅच म्हणजे ठिगळ. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना आपल्या कापडात भोक कुठे राहिलं ते कापड विकून झाल्यावर समजतं. मग ते जन्मभर ठिगळं पाठवत राहतात. कंपनीतले बाकीचे कॉम्प्युटर आपली ठिगळं आपणच लावून घेत, तेही नेमकी कोणाची महत्त्वाची मीटिंग चालू असताना. हातानं ठिगळ लावावं लागे असं मशीन एकच उरलं होतं, दुसऱ्या मजल्यावरच्या सर्व्हर रूममधलं जुनं युनिक्स. त्याच्यावरून डिस्पॅचची लेबलं छापली जात. आणि कंपनीत युनिक्स येणारं माणूसही आता एकच उरलं होतं.

एकेकाळी अशी माणसं सात होती. तेव्हा खात्याला ईडीपी म्हणत आणि जेवायला वेगळं टेबल होतं. मग कोणी हिंजवडीला गेलं, कोणी परदेशी, एक जण वारला, आणि खात्याचं नाव तीनदा बदललं. टेबल तेवढं तिथेच राहिलं. छप्पन वर्षांच्या डोईफोडे बाई रोज साडेबाराला त्या आठ खुर्च्यांच्या टेबलाशी एकट्या बसून डबा खात. बाकीची पोरं शेजारच्या टेबलावर गर्दी करत आणि बाईंच्या टेबलाच्या खुर्च्या ‘मॅडम, घेऊ का?’ म्हणून एकेक करत ओढून नेत. बाई प्रत्येक वेळी ‘घ्या ना’ म्हणत. सात वेळा ‘घ्या ना’ म्हणून झालं की जेवण संपे.

त्यामुळे ‘कंपनीतल्या युनिक्स तज्ज्ञांनी त्वरित कळवावे’ अशी ओळ मेलमध्ये वाचल्यावर बाईंनी ती दोनदा वाचली यात नवल नाही. काम खरोखर एका मिनिटाचं होतं. मशीनसमोर बसायचं, ‘शोरेव्ह डॅश पी’ एवढं टाइप करायचं, आणि मशीन आपल्या अंगावरची सगळी ठिगळं ओळीनं दाखवतं. ही गोष्ट बाईंनी त्या सकाळी आयटीचे नवे मुख्य निरंजन साहेब, चहावाला आणि झेरॉक्सवाला अशा तिघांना सांगितली. निरंजन साहेब चौतीस वर्षांचे आणि अतिशय सभ्य. ते म्हणाले, “ग्रेट, मॅडम. यादी वेळेत गेली तर मशीन ठेवू. नाहीतर ऑडिटवाले ते बंदच करायला लावतील. मग तुम्हाला आपण ॲडमिनमध्ये घेऊ. व्हिजिटर पासच्या खिडकीवर.”

बाई हसल्या. सर्व्हर रूमच्या दाराशी गेल्या. कार्ड लावलं. दिवा लाल लागला.

गेल्या महिन्यात दारांची यंत्रणा बदलली होती, आणि ज्यांनी अर्ज केला नव्हता त्यांची कार्डं रद्द झाली होती. अर्ज करायला पोर्टल होतं. पोर्टलवर ‘प्रवेशाचे कारण’ असा रकाना होता आणि त्यात चारच पर्याय : एसी दुरुस्ती, अग्निशमन, उंदीर, सफाई. कॉम्प्युटरच्या खोलीत कॉम्प्युटरसाठी कोणी जाईल, हे यंत्रणा लिहिणाऱ्याच्या मनातही आलेलं नव्हतं. बाईंनी एसी निवडून पाहिलं, तर ठेकेदाराचा परवाना क्रमांक मागितला. उंदीर निवडायला मन होईना. शेवटी त्यांनी ‘सफाई’वर टिचकी मारली. मंजुरी अर्ध्या मिनिटात आली, आणि दाराशी बसलेल्या सिक्युरिटीवाल्याने नियमाप्रमाणे त्यांच्या हातात पिवळं जाकीट ठेवलं. पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘हाउसकीपिंग’.

“घातल्याशिवाय सोडता येत नाही, मॅडम. वर कॅमेरा आहे.”

अठ्ठावीस वर्षांची नोकरी आणि त्यावर पिवळं जाकीट अशा थाटात बाई आत शिरल्या. मशीन कोपऱ्यात घुमत होतं. त्याचा स्क्रीन कोणीतरी कॅन्टीनच्या कॅमेऱ्यासाठी काढून नेला होता. बाईंनी कपाटामागून जुना, खोक्याएवढा स्क्रीन ओढून काढला, जोडला, आणि पदराने त्याची काच पुसत असतानाच निरंजन साहेब चार पाहुण्यांना सर्व्हर रूम दाखवायला घेऊन आले. त्यातल्या एकाने एसीखाली साचलेल्या पाण्याकडे बोट दाखवलं. “मावशी, इथे जरा पुसून घ्या हं. कोणी घसरेल.”

निरंजन साहेबांची पाठ होती, त्यांना काही कळलं नाही. बाईंनी क्षणभर तोंड उघडलं. पण ‘मी सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर आहे’ हे वाक्य ते जाकीट घालून कसं म्हणायचं ते त्यांना सुचेना. पाणी तर खरंच सांडलेलं होतं. त्यांनी ते पुसलं.

पाहुणे गेल्यावर त्या मशीनपुढे बसल्या आणि आपलं नाव व पासवर्ड टाइप केला. मशीन म्हणालं : ‘तुमच्या पासवर्डची मुदत संपली आहे. कृपया सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.’

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. खोलीत त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं.

त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून रहाटणीला घरी पोचल्यावर बाईंनी हे सगळं खालच्या मजल्यावरच्या शालनबाईंना जिन्यात सांगितलं. शालनबाई मूळच्या चिपळूणच्या. जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाचं काय चाललंय हे त्या मनापासून ऐकत, पण अर्धंच, कारण उरलेल्या अर्ध्या वेळात त्यांचा सल्ला तयार होत असे. “पॅच बसवलेत ते तपासायचेत, पण आत जाताच येत नाही,” एवढं त्यांच्या कानावर पडलं. शालनबाईंच्या न्हाणीघराच्या छतातून दोन वर्षं पाणी झिरपत होतं, आणि ते वरून, म्हणजे डोईफोडे बाईंकडून येतं असं त्यांचं ठाम मत होतं.

“तेच तर मी सांगत्येय!” शालनबाई गहिवरल्या. “तुम्ही काऽही काळजी करू नका. माझ्या माहितीतला माणूस आहे.”

दोन वर्षांत कोणी आपल्याला ‘काळजी करू नका’ म्हटलं नव्हतं, त्यामुळे बाईंनी पुढचं काही विचारलंच नाही.

मंगळवार लिफाफ्यात गेला. मशीनच्या मुख्य खात्याचा, म्हणजे रूटचा पासवर्ड मोहोरबंद लिफाफ्यात घालून अकाउंट्सच्या तिजोरीत ठेवलेला असे. तो काढायला दोन सह्या लागत : एक फॅक्टरी मॅनेजरची, दुसरी ईडीपी मॅनेजरची. ईडीपी मॅनेजर हे पद नऊ वर्षांपूर्वी रद्द झालं होतं. अकाउंट्सच्या रश्मी मॅडमचं म्हणणं, पद रद्द झालं असलं तरी सही रद्द झालेली नाही, नियमात तसं कुठे लिहिलेलं नाही. बाईंनी विचारलं, मग सही करायची कोणी? रश्मी मॅडम म्हणाल्या, तो तुमच्या खात्याचा अंतर्गत प्रश्न आहे. मशीन बंद करून सीडीवरून उघडायचा एक मार्ग होता. पण ते मशीन बंद केलं तर पुन्हा चालू होईल याची हमी द्यायला कोणी तयार नव्हतं. डोईफोडे बाई तर मुळीच नव्हत्या. त्याचं कारण पुढे येईल.

बुधवारी सकाळी सात वाजता दाराची बेल वाजली. बाहेर एक माणूस, हातात छिन्नी, पाठीवर सिमेंटची गोणी. “पॅच कुठं मारायचाय, ताई?” बाई अंघोळीला निघालेल्या, डोक्यात लिफाफा. शालनबाई जिन्यातून ओरडल्या, “जाऊ दे रे आत, बोलणं झालंय!” बाईंना काय चाललंय हे उमगेपर्यंत न्हाणीघराच्या तीन फरशा उखडल्या होत्या. गळतीचं मूळ सापडलं, ते शालनबाईंच्याच पाइपात. पण फरशा बाईंच्या गेल्या आणि ‘दोन दिवस पाणी टाकायचं नाही’ अशी ताकीद मिळाली. शालनबाई शरमल्या. “अंघोळीला आमच्याकडे या हो. संकोच नको.” बाई टॉवेल घेऊन खाली गेल्या. अंघोळीनंतर चहा मिळाला. दुसऱ्याच्या हातचा सकाळचा चहा पिऊन किती दिवस झाले ते आठवत बाई बसल्या, आणि कंपनीची बस चुकली.

बुधवारी दुपारी निरंजन साहेबांनी कंटाळून ईडीपी मॅनेजरच्या जागी स्वतःची सही ठोकली. लिफाफा फुटला. आत वहीचं चौकोनी पान, आणि त्यावर निळ्या शाईतलं ओळखीचं, उजवीकडे कललेलं अक्षर :

‘तोच, जुना. — बबन.’

निरंजन साहेबांनी कागद उलटून पाहिला. “मॅडम, हे बबन कोण?”

बाईंनी कागदाची घडी घातली. “होते,” त्या म्हणाल्या.

पुनावळ्याचे बबनराव कोयते आणि डोईफोडे बाई सोळा वर्षं शेजारच्या टेबलांवर बसले. बबनराव गावातल्या जुन्या शेतकरी घरातले, आयटीआय करून आलेले. इंग्रजी बेताचं, पण मशीनच्या नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखणारे. दुपारी ते बाईंच्या डब्यातली जवसाची चटणी खात आणि बाई त्यांच्या डब्यातली भाकरी. मग आली दोन हजार बाराची दिवाळी. लक्ष्मीपूजनाला मशीनची पूजा करून बबनरावांनी रिवाजाप्रमाणे ते बंद करून चालू केलं. ते चालू झालंच नाही. दोन दिवस डिस्पॅच बंद, ट्रकांची रांग थेट रस्त्यापर्यंत. चौकशी बसली. एक चुकीचा पॅच बसवला गेला होता एवढं नक्की, पण कोणी बसवला ते नाही, आणि कमिटीत युनिक्स येणारं कोणी नव्हतं. बाईंनी अहवालात लिहिलं : ‘श्री. कोयते यांनी पूर्वसूचना न देता पॅच बसवला असावा.’ कमिटीने त्यातला ‘असावा’ काढून टाकला. बबनराव एक शब्द बोलले नाहीत. जानेवारीत राजीनामा देऊन गेले. बाईंनी ‘एवढी मैत्री असून मला न विचारता पॅच लावला’ हा राग बारा वर्षं जपून ठेवला होता. एकट्या माणसाकडे अशा गोष्टी चांगल्या टिकतात, कारण त्यांना हात लावायला दुसरं कोणी नसतं.

गुरुवार, म्हणजे साप्ताहिक सुट्टी. शालनबाईंकडे अंघोळ करून, बस आणि रिक्षा करत बाई पुनावळ्याला पोचल्या. ज्या शेतावर त्या एकदा हुरडा खायला आल्या होत्या तिथे बावीस मजली टॉवर उभे होते. त्यांच्या मधोमध कोयत्यांचा तीन मजली बंगला, खाली पार्किंगमध्ये दोन मोठ्या गाड्या आणि त्यांच्या शेजारी दावणीला एक गाय. दार अंबुबाईंनी उघडलं. बबनरावांच्या पत्नी.

“कोन पायजे?”

“मी जयमाला डोईफोडे. कंपनीतली.”

अंबुबाईंनी त्यांना पायापासून केसांपर्यंत पाहिलं. “म्हंजी ती तुमीच व्हय.”

त्यांनी ‘या’ म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही. बाई उंबऱ्यावर उभ्या. थोड्या वेळाने पाण्याचा तांब्या आला आणि त्याच्याबरोबर अंबुबाईंचं बोलणं. “बारा वरसं झाली, ह्यांनी कंपनीचं नाव काढलं न्हाई. कुनाच्या लग्नात ‘काय बबनराव, नोकरी का सोडली’ म्हनलं की ताटावरनं उठत्यात. भावकीत म्हनत्यात, दिवाळीला पिऊन कंपनी बंद पाडली. आमच्या मानसानं कदी थेंबाला शिवलेलं न्हाई! पर सांगायचं कुनाला? ह्ये तर गप.” त्यांनी तांब्या परत घेतला. “तुमीच लिवलं हुतं न्हवं ते?”

“मला वाटलं तसं लिहिलं,” बाई म्हणाल्या. वाक्य घरून पाठ करून आणलं होतं तेव्हा त्याला जरा तरी वजन होतं.

तेवढ्यात आतून बबनराव आले. केस पूर्ण पांढरे, पोट सुटलेलं. बाईंना बघून ते दारातच थांबले आणि मग एकदम हसले. “डोईफोडे बाई! कुनी तरी पॅचची यादी मागितली असंल. त्याबिगर तुमी यायच्या न्हाई.”

बाईंना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. बबनरावांनी आत टेबलाशी नेल्यावर त्यांनी लिफाफ्यातला कागद पुढे केला. “तोच जुना म्हणजे कोणता?”

बबनरावांनी डोळे मिटले. “तोंडाला येईना,” ते म्हणाले. “बोटास्नी ठावं हाय.” आणि खरोखर, टेबलावरच्या प्लास्टिकच्या कव्हरवर त्यांची दहा बोटं सरसर चालली. बाई वाकून बोटांकडे बघत राहिल्या, पण द्राक्षांच्या चित्रांवर कोणतं बोट कुठलं अक्षर दाबतंय ते कळायला मार्ग नव्हता. पुतण्याचा लॅपटॉप आणवला. त्यावर बबनरावांनी तीनदा टाइप केलं, तिन्ही वेळा वेगळा शब्द उमटला. “ही बटनं लई मऊ हायत,” ते वैतागले. “त्या कीबोर्डला जोर लागतो. तिथंच यावं लागंल.”

“कुटं?” अंबुबाई म्हणाल्या.

“कंपनीत.”

अंबुबाई उठून आत गेल्या आणि भांड्यांचा आवाज आला. बाईंनी तो आपल्याला उद्देशून आहे असं धरलं, आणि ते बरोबर होतं.

शुक्रवारी सकाळी बबनराव इस्त्रीचे कपडे घालून कंपनीच्या गेटवर हजर झाले. आधार कार्ड टाकताच व्हिजिटर पासच्या खिडकीतला कॉम्प्युटर लाल झाला : ‘माजी कर्मचारी. एचआरची परवानगी आवश्यक.’ एचआर मीटिंगमध्ये होतं. दोघं गेटच्या केबिनमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पावणेदोन तास बसले. आपण व्हिजिटर पासच्या खिडकीवर गेलो तर रोज काय बघायचंय ते बाईंना सविस्तर बघता आलं. बोलायचं काय हा प्रश्न होता. शेवटी साडेबारा झाले तसा बाईंनी डबा उघडला. बबनरावांनी न विचारता चटणीचं झाकण काढलं. “कारळ्याची केली तुमी,” ते म्हणाले. “जवसाची बंद केली?”

“एकटीसाठी कोण जवस भाजत बसतं?” बाई म्हणाल्या.

बबनरावांनी चटणी संपवली.

दीडला परवानगी आली. बाईंनी पिवळं जाकीट घातलं, बबनरावांनाही एक मिळालं. दोन सफाई कामगार सर्व्हर रूममध्ये शिरले. बबनराव त्या जुन्या कीबोर्डपुढे बसले, मान तिरकी करून मशीनची घरघर ऐकली, “पंखा जायला आलाय ह्याचा,” असं पुटपुटले आणि बोटं चालवली. मशीन उघडलं. खुर्चीत आता बाई बसल्या. त्यांनी टाइप केलं : शोरेव्ह डॅश पी.

खरंच एक मिनिट लागलं. एकशे सत्त्याऐंशी ओळी वर सरकल्या. बाईंचा चेहरा उजळला. पण ऑडिटला तारखा हव्या होत्या, म्हणून त्यांनी मशीनच्या आतली पॅचची कपाटं, म्हणजे फोल्डर, उघडून प्रत्येकाची तारीख काढली आणि एकेक करत तपासू लागल्या. दोन हजार चार. सहा. नऊ. आणि मग त्यांचं बोट थांबलं.

अकरा नोव्हेंबर, दोन हजार बारा. दुपारचे चार वाजून चाळीस मिनिटं.

लक्ष्मीपूजन तेराला होतं. अकरा म्हणजे धनत्रयोदशी, रविवार, कामाचा दिवस. बबनराव त्या दिवशी रजेवर होते, पुतणीच्या बाळाचं बारसं होतं. खात्यात हजर असलेलं माणूस एकच.

आणि ते माणूस आता सगळं आठवत खुर्चीत बसलं होतं. त्या दुपारी त्यांनी पॅच सुरू केला होता, दिवाळीला अंबाजोगाईला भावाकडे जायच्या आधी हातावेगळा करावा म्हणून. तेवढ्यात भावाचाच फोन आला : यंदा हिच्या माहेरची मंडळी येतायत, घर लहान पडेल, तू नंतर ये ना सावकाश. ‘बरं’ म्हणून त्यांनी फोन ठेवला होता, पर्स उचलली होती आणि सरळ बाहेर पडल्या होत्या. गावाला न्यायची पिशवी टेबलाखालीच राहिली. पॅच सुरू केल्याचं त्या विसरूनच गेल्या, आणि मागे मशीनने तो निमूट बसवून घेतला. असा पॅच मशीन बंद करून चालू केल्यावरच अंगाला लागतो, तोपर्यंत कोणाला पत्ता नाही. मंगळवारी बबनरावांनी पूजा करून मशीन बंद केलं आणि चालू केलं.

“बबनराव,” बाई म्हणाल्या. “हा पॅच...”

बबनराव एसीकडे बघत होते. “व्हय. तवाच बघितला मी.”

“तेव्हाच? तुम्हाला ठाऊक होतं?”

“तारीख समोरच हाय की.”

“मग चौकशीत बोलला का नाहीत?”

बबनरावांनी जाकिटाची चेन वरखाली केली. “बाई, त्या बुधवारी तुमी आलात ते डोळे सुजवून. दिवाळी एकटीनं काढली म्हनून चहावाला सांगत हुता. मला काय, घरी जमीन हुती, मानसं हुती. तुमची नोकरी गेली असती तर तुमाला दुसरं हुतं काय? म्हनलं, जाऊ द्या.”

बाई उभ्या राहिल्या. त्यांना रडू यायला हवं होतं, पण आला तो राग, आणि राग आला की त्यांच्या तोंडून अंबाजोगाई निघे. “कोण सांगितलं होतं तुम्हाला? माझी कीव करायलेत होय तुम्ही? बारा वर्षं! बारा वर्षं मी मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घालायले, त्या सगळ्या वाया?”

“घातल्या तर घातल्या,” बबनराव म्हणाले. “पुनावळ्यापतूर पोचल्या न्हाईत.”

बाई पुन्हा खुर्चीत बसल्या. बबनरावांनी जाकीट काढून घडी घालून ठेवलं. “यादी पाठवा,” ते म्हणाले. “चार वाजायला आले.” आणि ते निघाले. जाताना त्यांनी मशीनच्या पाठीवर हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवतात तसा.

यादी चार वाजून दहा मिनिटांनी गेली. शनिवारी उत्तर आलं : धन्यवाद, परंतु केवळ लेबलं छापणारी मशीन या ऑडिटच्या कक्षेत येत नाहीत, कृपया आधीच्या मेलकडे दुर्लक्ष करावे. निरंजन साहेब म्हणाले, “वा, मॅडम, प्रश्नच मिटला. मार्चपर्यंत चालू दे मशीन.” बाई ‘बरं’ म्हणाल्या. आठवड्याभरापूर्वी ह्या बातमीने त्यांनी पेढे वाटले असते.

शनिवारी आणि रविवारी कामावरून आल्यावर त्या शालनबाईंकडेही गेल्या नाहीत. न्हाणीघर सुकलं होतं. आपल्या घरी चहा करून त्या खिडकीशी बसल्या आणि बारा वर्षांतली एकेक दुपार काढून बघत राहिल्या. आठ खुर्च्यांच्या टेबलाची निदान एक खुर्ची आपणच उचलून दिली होती, एवढं त्यांच्या लक्षात आलं.

सोमवारी त्यांनी एचआरच्या पोर्टलवर कबुली द्यायचं ठरवलं. तिथे कबुलीचा पर्याय नव्हता. ‘तक्रार’ होता. ‘कोणाविरुद्ध’ या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव घातलं. तासाभरात त्यांना दोन मेल आले. पहिला : ‘आपली तक्रार गांभीर्याने घेतली आहे. आपली ओळख गुप्त ठेवली जाईल.’ दुसरा : ‘आपल्याविरुद्ध एक तक्रार आली आहे. कृपया शांत राहावे आणि तक्रारदाराशी कोणत्याही प्रकारे संपर्क साधण्याचा प्रयत्न करू नये.’ बाईंनी दोन्ही सूचना पाळायचा प्रामाणिक प्रयत्न केला. मंगळवारी एचआरचा फोन आला. कोवळ्या आवाजात कोणीतरी सांगितलं की सात वर्षांपूर्वीच्या फायली नष्ट केल्यात, तेव्हा अशी काही घटना घडल्याची नोंद नाही, आणि जे घडलंच नाही त्याबद्दल कोणाला दोषमुक्त करता येत नाही.

“मग बबनरावांनी राजीनामा कशाबद्दल दिला?”

“पर्सनल रीझन लिहिलंय, मॅडम.”

बाईंनी फोन ठेवला आणि ड्रॉवरमधून फूलस्केप कागद काढला. कॉम्प्युटरवर अठ्ठावीस वर्षं काढलेल्या बाईंनी तो अर्ज पेनाने लिहिला, दोन प्रतींत. आवक-जावक विभागातल्या क्लार्कला अर्जात काय लिहिलंय याच्याशी देणंघेणं नसतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्याने दोन्ही प्रतींवर दणक्यात शिक्के मारले. एक प्रत बाईंनी पर्समध्ये ठेवली.

गुरुवारी त्या पुन्हा पुनावळ्याला गेल्या. बंगल्याच्या बैठकीत भावकी जमली होती. साखरपुड्याची बोलणी होती की काय कोण जाणे, दहा-बारा माणसं, चहाचे कप, फेटे, कोपऱ्यात अंबुबाईंचे ऐकू कमी येणारे म्हातारे दीर. बाई दारातूनच परत वळायच्या बेतात होत्या. बबनरावांनी पाहिलं, तेही गडबडले. पण अंबुबाई पुढे आल्या.

“आता काय आनलं?”

बाईंनी कागद दिला. अंबुबाईंनी तो हातात धरला, शिक्का पाहिला, आणि बाईंच्याच हातात परत ठेवला. “मला चष्म्याबिगर दिसत न्हाई. तुमीच वाचा.”

“इथे?”

“मंग कुटं?”

बबनराव म्हणाले, “अगं, ऱ्हाऊ दे...” त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. जयमाला डोईफोडे यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. “मी खाली सही करणार जयमाला डोईफोडे लिहून देते की, दिनांक अकरा नोव्हेंबर दोन हजार बारा रोजी युनिक्स मशीनवर जो चुकीचा पॅच बसवण्यात आला तो मी बसवला. श्री. बबन कोयते त्या दिवशी रजेवर होते. मशीन बंद पडण्यात त्यांचा कोणताही दोष नव्हता. त्यांना हे ठाऊक असूनही त्यांनी माझं नाव सांगितलं नाही...” त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. सहीसुद्धा वाचली.

बबनराव जमिनीकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या दिरांनी कानाला हात लावून शेजाऱ्याला विचारलं, “काय म्हनली? कुनी प्यालं हुतं?”

अंबुबाईंनी एक खुर्ची ओढली, बैठकीच्या बरोबर मध्ये, आणि बाईंना दंडाला धरून तिच्यावर बसवलं. “आमच्या थोरल्या भावजींना ऐकू गेलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “पयल्यापासनं वाचा. जरा मोठ्यानं.”